जायला अकरा, यायला आठ

अटलांटिक समुद्राच्या मधोमध पोर्तुगालचं सांता मारिया बेट आहे; तिथल्या विमानतळाच्या खानावळीत एर्मेलिंडा बायरूश वाढायला आली, की उतारूंच्या पुढ्यात सूपची बशी ठेवायच्या आधी एक प्रश्न ठेवायची. "किती तास लागले हो?"

कुणी लिस्बनहून आलेला असे, कुणी मॉन्ट्रियलहून, कुणी न्यूयॉर्कहून. विमानात पेट्रोल भरेपर्यंत त्यांना इथे तासभर उतरवत. डोळे तारवटलेले, कानात अजून पंख्यांची घरघर, आणि समोर ही विशीतली मुलगी, गोल तोंडाची, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, बशी हातात धरून उत्तराची वाट बघत उभी. काहीजण हसून सांगत. काहीजण घड्याळ काढून हिशेब करत आणि चुकत. एक जाडा गृहस्थ एकदा वैतागून म्हणाला होता, "बाई, आधी सूप दे, मग उलटतपासणी घे."

मुख्य आचारी लिबेरातो, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, तो आतून ओरडायचा, "एर्मेलिंडा! सूप गार होतंय! कुठून किती तास ते विचारून तुला काय करायचंय? तू जाणार आहेस का कुठे?"

"मी कशाला जाऊ? सगळे इथेच येतात की!" ती म्हणायची.

ते खरंच होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बेटाच्या सपाट टोकाला धावपट्टी बांधली, पत्र्याच्या गोल छपरांच्या बराकी उभ्या केल्या, आणि लढाई संपल्यावर सगळं तसंच टाकून ते निघून गेले. तेव्हाच्या विमानांना एका दमात समुद्र ओलांडवत नसे. मग युरोपातून अमेरिकेकडे जाणारा आणि तिकडून इकडे येणारा, राजा असो की रंक, आमच्या बेटावर सलगमाचं सूप पिऊनच पुढे जायचा.

एर्मेलिंडा मूळची सांतु इस्पिरितु गावची, बेटाच्या दुसऱ्या टोकाची. तिचा बाप खेचरावर माल लादून विला या मुख्य गावाच्या बंदरात ने-आण करायचा. तिच्या लहानपणी गाव ते बंदर हे अंतर खेचराच्या मनावर असे. जाताना ते रिकामं असलं की सकाळच्या सकाळी पोहोचायचं, आणि येताना पाठीवर पिठाची पोती असली की चढावर दर वळणाला हटून बसायचं. बापाला कुणी विचारलं, "विला किती लांब?" तर तो उलट विचारी, "जायला की यायला?" विमानंसुद्धा तशीच निघतील, असं मात्र एर्मेलिंडाच्या स्वप्नातही नव्हतं.

पण तशीच निघाली. मॉन्ट्रियलला जाणाऱ्या वैमानिकांना ती विचारायची, "किती तास?" ते म्हणायचे, "अकरा तरी धर." तेच लोक परत आले की, "किती लागले?" "आठ." पहिल्यांदा तिला वाटलं, चेष्टा करतायत. वैमानिक म्हणजे टोपीवाले, देखणे लोक. खानावळीतल्या पोरीची गंमत करणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. मग तिने उतारूंना विचारलं, म्हाताऱ्या बायकांना विचारलं, एका पाद्रीबाबांना विचारलं. सगळ्यांचं तेच. जायला अकरा, यायला आठ. कधी बारा-साडेसात, कधी दहा-नऊ, पण जाणं नेहमी लांबलचक आणि येणं आखूड.

"उस्ताद, हे कसं हो?"

"उतार असेल," उस्ताद म्हणाला आणि कांद्यात मान घातली.

शेवटी तिने हवामानखात्याच्या तेलेश साहेबांना गाठलं. हे लिस्बनचे, चष्मेवाले, एकटे राहणारे. रोज एकाच टेबलावर बसून एकच अंडं खाणारे. त्यांनी प्रश्न ऐकला, आणि काय वाटलं कोण जाणे, हसले नाहीत. म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याकडे ये. फुगा सोडायचा आहे."

दुसऱ्या दिवशी ती एप्रनसकट गेली. साहेबांनी पुरुषभर उंचीचा पांढरा फुगा सोडला. खाली वारा उत्तरेचा होता, कपडे दक्षिणेकडे फडफडत होते. फुगा थोडा दक्षिणेकडे गेला, वर चढला, आणि मग जणू कुणी हाक मारावी तसा वळून थेट पूर्वेला, लिस्बनच्या दिशेने पळत सुटला. एर्मेलिंडा मान वर करून बघत राहिली, तो मोहरीएवढा होऊन दिसेनासा होईपर्यंत.

"वर नेहमी असंच असतं," तेलेश साहेब म्हणाले. "पश्चिमेकडून पूर्वेला नदी वाहावी तसं. इकडून जाणाऱ्याला ती मागे ढकलते, तिकडून येणाऱ्याला पुढे."

"म्हणजे अंतर दोन आहेत?"

"अंतर एकच. साधारण चार हजार किलोमीटर. जाताना तेवढंच, येताना तेवढंच."

"ते कुणी मोजलं? दोरी लावून?"

साहेबांनी चष्मा पुसला. "दोरी नाही लावली," ते म्हणाले. "पण मोजलंय."

एर्मेलिंडाचं समाधान झालं नाही. माणूस खुर्चीत बसून तास काढतो, किलोमीटर काढत नाही, असं तिचं म्हणणं. पण फुगा कसा वळला ते तिने घरी जाऊन बापाला हातवारे करून दाखवलं, आणि बाप म्हणाला, "बघ. खेचराला कुणी शहाणं म्हणत नव्हतं."

त्या वर्षी मार्चमध्ये लिस्बनहून मॉन्ट्रियलला निघालेलं एक विमान आमच्याकडे उतरलं ते उठेचना. एका इंजिनाचा कुठला तरी भाग बदलायचा होता. तास गेले, दुपार झाली. उतारूंना एकदा जेवण झालं, कॉफी झाली, कानाच्या आकाराची बिस्किटं झाली. शेवटी दुरुस्ती झाली, हाका सुरू झाल्या, डोकी मोजली गेली, आणि एक डोकं कमी भरलं. फेलिज्मिना नावाची एक बाई. धावपट्टीवर बघितलं, न्हाणीघरात बघितलं, प्रार्थनेच्या खोलीत बघितलं. कुठे पत्ता नाही.

एर्मेलिंडा मागच्या पडवीत आली तर तिथे चार बायका बटाटे सोलत बसलेल्या. रोज तीन असतात. चौथीने एप्रन बांधला होता, पण एप्रनखालून नवा करकरीत निळा कोट दिसत होता, आणि डोक्यावर पिन लावलेली टोपी तशीच होती. बूट काढून बाजूला नीट ठेवले होते. उस्ताद नुकताच तिच्या पाठीमागून जाताना "सालं जाड काढतेस गं, अर्धा बटाटा जातोय!" म्हणून गेला होता आणि त्याला काहीच वावगं दिसलं नव्हतं.

एर्मेलिंडा तिच्याजवळ उकिडवी बसली. "तू कोण गं?"

"बटाटे सोलतेय."

"ते दिसतंय. बाहेर तुझ्या नावाने बोंब चाललीये."

बाईने मान वर केली नाही. वय असेल बावीस-तेवीस. हात मात्र कामाचे होते. "मला इथेच ठेवून घ्या," ती म्हणाली. "मला सगळं येतं. कोंबड्या कापता येतात, भाकरी भाजता येते, डुकरं पाळता येतात."

"डुकरं इथे नाहीत. झालं काय?"

मग ते बाहेर आलं, तुटक तुटक. ती उत्तर पोर्तुगालमधल्या ब्रागान्साच्या डोंगरातल्या गावची. नवरा अबिलियो तिकडे कॅनडात रेल्वेच्या रुळांवर कामाला. लग्न झालं होतं, पण नवऱ्याविना. चर्चमध्ये त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ उभा राहिला होता. त्या काळी असं सर्रास होई, त्यात गैर काही नव्हतं.

"'हो' म्हणताना मी भावाकडे बघत होते," ती म्हणाली. "अबिलियो मला नीट आठवतच नाही. जत्रेत दोनदा बघितलाय. फोटो आहे, पण फोटोत तो घोड्यावर बसलाय, तोंड दिसत नाही, घोडाच दिसतो."

पडवीतल्या एका बाईला हसू फुटलं. एर्मेलिंडाने तिच्याकडे डोळे वटारले.

"विमानात बसले तेव्हा काही वाटलं नाही," फेलिज्मिना म्हणाली. "इथे पाय जमिनीला लागले आणि वाटलं, ही शेवटची जमीन. यापुढे सगळं पाणी." तिने सुरी थांबवली आणि पहिल्यांदा एर्मेलिंडाकडे सरळ बघितलं. "मला एक सांग. इथून जवळ काय आहे? घर, की तो?"

एर्मेलिंडाला आजवर कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. प्रश्न नेहमी तीच विचारायची. आणि उत्तर तर तिला झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं.

"घर," ती म्हणाली. "घर चारच तास. तो अकरा."

"म्हणजे मी अर्ध्यावरसुद्धा आले नाही."

"नाही."

फेलिज्मिनाने पुढचा बटाटा घेतला. तिचा निर्णय झाल्यासारखा दिसला. एर्मेलिंडाने उठून जायला हवं होतं, कुणाला तरी बोलवायला हवं होतं. पण अर्धीच गोष्ट सांगून उठणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "पण तिकडून इकडे यायला आठच लागतात."

"काय?"

"मॉन्ट्रियलहून इथे. आठ तास. जायला अकरा, यायला आठ."

"असं कसं होईल? वाट तीच ना?"

"वाट तीच. वर वारा आहे, तो इकडे ढकलतो. मी स्वतः फुगा बघितलाय." आणि तिने बाहेर चाललेला गोंधळ विसरून, हात हवेत फिरवून, फुगा कसा वर गेला आणि कसा वळला ते दाखवलं. चारी बायका सुऱ्या धरून बघत राहिल्या.

"म्हणजे जाणं लांब आहे, पण परत येणं जवळ आहे," फेलिज्मिना हळूहळू म्हणाली.

"सगळेच सांगतात. पाद्रीबाबासुद्धा."

फेलिज्मिना बराच वेळ हातातला बटाटा फिरवत राहिली. मग तो सोलून पातेल्यात टाकला, एप्रन काढून घडी करून ठेवला, बूट चढवले. "मग जाऊन बघायला काय हरकत आहे," ती स्वतःशीच म्हणाली. दारात वळून मात्र एर्मेलिंडाला बजावलं, "खोटं निघालं ना, तर परत येऊन तुझ्या झिंज्या धरीन."

विमान उडालं. एर्मेलिंडा पडवीतून बघत होती. तिच्या बाजूला बसलेली, बटाटे सोलणाऱ्यांतली म्हातारी जोआकिना, जी फारशी बोलत नसे, ती म्हणाली, "काय गं, खरंच आठच तास लागतात?"

"खरंच."

"आणि तिकिटाला? आणि नवऱ्याने दार लावून घेतलं तर?"

हे एर्मेलिंडाने धरलंच नव्हतं. जे सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी आपण त्या पोरीला विहिरीत ढकलून दिलं की काय, असं तिला त्या दिवसापासून वाटायला लागलं.

मग तिच्या प्रश्नांत आणखी एकाची भर पडली. मॉन्ट्रियलहून विमान आलं की ती विचारायची, "किती तास लागले? आणि तिकडे फेलिज्मिना नावाची कुणी भेटली का? निळा कोट, ब्रागान्साकडची?" वैमानिक हसायचे. एकजण म्हणाला, "मॉन्ट्रियल म्हणजे तुमचं सांतु इस्पिरितु नव्हे, की विहिरीवर सगळे भेटतात." तिला ते कळत होतं. पण न विचारून चैन पडत नसे.

वर्षं गेली. एर्मेलिंडाने पेट्रोलच्या गाडीवरच्या ओरासियोशी लग्न केलं. ओरासियो शांत, लांबुडका माणूस. विमानांच्या पोटात पेट्रोल ओतायचं आणि घरी येऊन गप्प बसायचं. त्याला फेलिज्मिनाची गोष्ट पाठ झाली होती. "तुला काय वाटतं, ती सुखात असेल?" ती अधूनमधून विचारायची.

"मला काय ठाऊक? मी काय हवामानखातं आहे?" ओरासियो म्हणायचा.

मधल्या काळात विमानंही बदलली. पंखे गेले, शिट्टी वाजवत येणारी नवी विमानं आली. अकराचे सहा झाले, आठचे पाच झाले. उतारू आता थकलेले उतरत नसत. इस्त्री न मोडलेल्या कपड्यांत यायचे, सूप अर्धं टाकायचे. आणि काही विमानं तर उतरेनाशीच झाली. आकाशात एक पांढरी रेघ ओढली जायची, बस्स. विलाच्या बाजारात लोक म्हणू लागले की जग जवळ येतंय. एर्मेलिंडा म्हणायची, "जे टोकांना राहतात त्यांचं येत असेल. आपण मधले. आपण लांब चाललोय." लोक मान हलवायचे आणि कॅनडाला जायच्या कागदपत्रांची चौकशी करायला निघून जायचे.

नऊ वर्षांनी, जूनच्या एका सकाळी, मॉन्ट्रियलहून लिस्बनला जाणारं विमान उतरलं. खानावळीत आता निम्मीच टेबलं मांडत. एर्मेलिंडा बशा घेऊन आली. एका टेबलावर केस आखूड कापलेली, गॉगल लावलेली एक बाई बसली होती, शेजारी सहा-सात वर्षांची मुलगी. एर्मेलिंडाने सवयीने विचारलं, "किती तास लागले हो?"

बाईने गॉगल काढला. "आठ म्हणाली होतीस," ती म्हणाली. "मला नऊ वर्षं लागली."

एर्मेलिंडाच्या हातातली बशी टेबलावर आदळली, सूप सांडलं, आतून उस्तादाची हाक आली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या की हसल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. उस्ताद ओरडायला म्हणून बाहेर आला होता. त्याने बघितलं, गुपचूप फडकं आणलं आणि टेबल स्वतः पुसलं.

विमान सुटायला तासभर होता. एर्मेलिंडाने खुर्ची ओढली. नोकरी लागल्यापासून उतारूंच्या खुर्चीवर ती पहिल्यांदाच बसली.

"आधी सांग, तो कसा निघाला?"

"थांब, क्रमाने सांगते," फेलिज्मिना म्हणाली. "विमान इथे दुपारपर्यंत अडकलं ना? त्यात माझी बटाट्यांची भर. तिकडे अबिलियो ठरल्या वेळेला येऊन उभा. विमान नाही. कुणी त्याला नीट सांगेना. त्याला तिकडची भाषा येत नव्हती, त्यांना याची. हा आपला बाकड्यावर बसून राहिला. मांडीवर बायकांचा एक कोट, अस्तर लावलेला. तिकडे मार्चमध्ये बर्फ असतं, आणि मला ते माहीत नसणार, म्हणून कुणाकडून तरी मागून आणलेला. मी उतरले तेव्हा तो तसाच बसला होता, कोटाला मिठी मारून, आणि झोप लागलेली."

"ओळखलंस कसं?"

"घोडा नव्हता, त्यामुळे पंचाईतच झाली," फेलिज्मिना हसली. "पण असा कोट धरून दुसरा कोण बसणार? मी त्याला हलवलं. डोळे उघडले तर काय म्हणाला माहीत आहे? 'मला वाटलं, तू अर्ध्या वाटेत उतरलीस.'"

"उतरलीच होतीस की!"

"तेच ना! माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, छे, इंजिन बिघडलं होतं."

"मग? सांगितलंस कधी त्याला खरं?"

"चौथ्या वर्षी. एका रात्री जेवताना निघून गेलं तोंडून. आठवडाभर बोलला नाही माझ्याशी. कामावर जायचा, यायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आठव्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, 'किती बटाटे सोललेस?' मी म्हटलं, 'सहा-सात असतील.' तर म्हणाला, 'मग फार नाही.' आणि विषय संपला."

लहान मुलगी हे सगळं ऐकत बिस्किट खात होती. गोष्ट तिच्या ओळखीची असावी, कारण "मग फार नाही" हे तिने आईच्या बरोबरीने म्हटलं.

"मग इतकी वर्षं आली का नाहीस?" एर्मेलिंडाने विचारलं. "मी इथे येणाऱ्याजाणाऱ्याला विचारून विचारून थकले. मला वाटलं, मी तुला कुठल्या खाईत लोटलं."

फेलिज्मिनाने मुलीच्या तोंडाला लागलेला बिस्किटाचा चुरा पुसला. "पहिल्या वर्षी रोज यावंसं वाटायचं. बर्फ बघितलं की रडू यायचं. पण तू सांगितलेलं डोक्यात होतं. परत जाणं जवळ आहे, आठच तास. मग म्हणायचे, आज नको, उद्या जाऊ. पळून थोडंच जातंय. आठच तास, आठच तास करत वर्ष गेलं. मग त्याच्या पायावर रूळ पडला, तेव्हा त्याला सोडून कशी येणार? मग ही झाली. आणि मग एक दिवस बाजारातून निघताना मी शेजारणीला म्हटलं, 'चल, घरी जाते,' आणि अर्ध्या रस्त्यात माझ्या लक्षात आलं की मी कुठलं घर म्हटलं."

तेलेश साहेबांना यातलं काही फुग्याने मोजता आलं असतं का, असा एक विचार एर्मेलिंडाच्या मनात येऊन गेला.

"आता चाललेय कारण आईला दिसेनासं झालंय," फेलिज्मिना म्हणाली. "महिनाभर राहीन. आणि तू? तू कुठे कुठे जाऊन आलीस?"

"मी?"

"अगं, तुला साऱ्या जगाचे तास ठाऊक. तू कधीतरी बसलीच असशील की."

स्वयंपाकघराच्या दारातून उस्ताद म्हणाला, "ही? ही अजून विमानाच्या शिडीवरसुद्धा चढलेली नाही. लग्नाला गेलेली करवली, सगळ्यांच्या बुटांची किंमत ठाऊक, स्वतः अनवाणी!"

फेलिज्मिना खदखदून हसली, आणि विमानाची हाक झाली तेव्हा एर्मेलिंडाचा दंड धरून म्हणाली, "गावी ये. मी महिनाभर आहे. आली नाहीस तर झिंज्या धरायचं राहिलंय, लक्षात ठेव."

त्या संध्याकाळी एर्मेलिंडाने ओरासियोला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि नंतर म्हणाला, "मग जाऊ या." त्याने सुद्धा इतकी वर्षं नुसतं पेट्रोलच ओतलं होतं. विमानतळाच्या नोकरांना रिकाम्या जागा असल्या की लिस्बनपर्यंत फुकट सोडत. इतक्या वर्षांत या दोघांनी कधी मागितलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी दोघं विमानात बसली. एर्मेलिंडाने खिडकी घेतली आणि ओरासियोला सांगितलं की माझ्याशी बोलू नकोस. विमान उठलं. बेटाचं पिवळं टोक गेलं, मग हिरवं टोक गेलं, बापाच्या खेचराची वाट एका नजरेत संपली. मग ढग. ढगांच्या वर ऊन होतं, आणि हलल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. ती त्या नदीसारख्या वाऱ्याची खूण शोधत राहिली, पण तो कुठे दिसला नाही. हवाई सुंदरीने जेवण आणलं. एर्मेलिंडाने प्रत्येक झाकण उघडून बघितलं, वास घेतला, आणि भात कच्चा आहे असं ओरासियोला सांगितलं. मग ताट परत केलं तोच कान दुखायला लागले.

"काय झालं?"

"उतरतोय, बाई. लिस्बन आलं. वारा चांगला मिळाला, वेळेच्या आधी पोहोचलो," हवाई सुंदरी म्हणाली.

"एवढ्यात?" एर्मेलिंडाचा चेहरा एवढा पडला की त्या मुलीने विचारलं, बरं वाटत नाही का?

फेलिज्मिनाच्या गावी पोहोचायला मग आगगाडी लागली, बस लागली आणि शेवटी बैलगाडी. विमानापेक्षा कितीतरी जास्त वेळ त्यात गेला. फेलिज्मिनाची आई चुलीपाशी बसलेली, डोळे पांढरे झालेले, पण कान तिखट. तिने एर्मेलिंडाचे हात हातात घेऊन चाचपले, बोटं, तळवे, अंगठ्याजवळचा सुरीचा घट्टा. "ही ती बटाटेवाली का?" तिने लेकीला विचारलं. मग चुलीतली राख सारून भाजलेले बटाटे बाहेर काढले, ऑलिव्हचं तेल घातलं आणि म्हणाली, "बसा. आधी खा. नंतर सांगा तुमचं बेट कुठे आहे ते, मला कुणी धड सांगितलंच नाही."

एर्मेलिंडाने सांगायचा प्रयत्न केला. तीन दिवस सांगत होती.

परत आल्यावर दोन-तीन वर्षांत खानावळ बंदच झाली. एर्मेलिंडाला विमानतळाच्याच दुसऱ्या इमारतीत काम मिळालं. तिथे कानाला यंत्र लावलेली माणसं पडदे झाकलेल्या खोलीत बसून, समुद्रावरून जाणाऱ्या सगळ्या विमानांशी बोलत. विमानं उतरत नसली तरी आमच्या बेटाला सांगितल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे. एर्मेलिंडा त्यांची कॉफी करायची आणि टेबलाशी रेंगाळायची. "हे कुठून कुठे? किती तास?" पोरं सांगायची. आता वेळ जवळपास सगळ्यांनाच तोंडपाठ असे, त्यामुळे त्यात तिला पूर्वीची गोडी राहिली नव्हती. तिच्या डोक्यात दुसरंच काही घोळत असे.

एका दुपारी काम थंड होतं. एर्मेलिंडाने कपबशी ठेवली आणि तिथल्या माणसाला, आर्लिंदो त्याचं नाव, विचारलं, "आत्ता वरून कोण चाललंय?"

"न्यूयॉर्कहून माद्रिदला. दोनशे-अडीचशे माणसं."

"काय जेवतायत रे ती?"

आर्लिंदोने आजूबाजूला बघितलं. साहेब बाहेर गेलेले होते. त्याने बटण दाबलं, विमानाशी ठरलेलं बोलणं उरकलं आणि शेवटी पुस्ती जोडली, की इथल्या आचारीणबाई विचारतायत, आज जेवायला काय आहे.

थोडा वेळ नुसती खरखर. मग हसण्याचा आवाज, आणि उत्तर आलं.

"कोंबडी नाहीतर मासा, म्हणतोय," आर्लिंदोने सांगितलं.

"मासा कुठला?" एर्मेलिंडाने पुढे वाकून विचारलं. "विचार ना, कुठला मासा? ताजा की खारवलेला?"

आर्लिंदोने पुन्हा बटण दाबलं. पण विमान तोवर पुढच्या केंद्राच्या हद्दीत गेलं होतं.